‘मला नको ती भाजी!’ : नवीन पदार्थांशी मुलांची हळूहळू ओळख



पालकसभेत अभ्यासाचं बोलून झालं, की बहुतेक वेळा एखादी आई मागे थांबते आणि हळूच म्हणते, "बाई, हा घरी काहीच खात नाही हो. नुसता वरणभात आणि बिस्कीट. भाजी बघितली तरी तोंड फिरवतो. तुम्हीच सांगा जरा, तुमचं ऐकतो तो."

पूर्वी मी लगेच त्या मुलाला बोलवायचे आणि सगळ्यांसमोर सांगायचे, "उद्यापासून भाजी खायची हं! शहाणा आहेस ना?" मुलगा मान डोलवायचा. घरी गेल्यावर काहीच बदलायचं नाही. आज मी असं करत नाही. का करत नाही, त्यामागे माझी स्वतःचीच एक चूक आहे. आधी ती सांगते.

माझी चूक

नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. त्या दिवशी शालेय पोषण आहारात भात आणि मटकीची उसळ होती. वर्गातला एक मुलगा भात खायचा आणि उसळ ताटात तशीच ठेवायचा. रोजचंच होतं ते. त्या दिवशी मी म्हणाले, "ताट संपल्याशिवाय उठायचं नाही."

बाकीची मुलं हात धुऊन खेळायला गेली. तो बसून राहिला. मी समोर उभी होते. शेवटी त्याने डोळे मिटून एक घास तोंडात घातला आणि पुढच्याच क्षणाला सगळं उलटून टाकलं, आधी खाल्लेल्या भातासकट. दाराशी उभी असलेली मुलं हसली.

दुसऱ्या दिवसापासून तो जेवणाच्या सुट्टीत रांगेत बसेना. ‘भूक नाही’ म्हणायचा. पुढच्या आठवड्यात ‘पोटात दुखतं’ म्हणून शाळेलाच येईना. आई शेतमजुरीला सकाळी लवकर जायची. म्हणजे दुपारी घरी गरम जेवण मिळणार नव्हतंच. ज्या मुलाला शाळेतल्या त्या एका ताटाची सर्वांत जास्त गरज होती, त्याचंच ताट माझ्या हट्टापायी बंद झालं होतं.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले, डॉक्टरांना विचारलं, वर्गात थोडं थोडं करून बघितलं. त्यातून जे समजलं, ते या लेखात मांडते आहे.

मुलं नवीन पदार्थ का नाकारतात?

पहिली गोष्ट ही, की हा बहुतेक वेळा नखरा नसतो. दीड-दोन वर्षांपासून साधारण सहा वर्षांपर्यंत अनोळखी अन्नाची भीती वाटणं हा वाढीचाच एक टप्पा आहे. असं बघा, रांगणारं बाळ मिळेल ते तोंडात घालतं, पण तेव्हा ते आईच्या नजरेसमोर असतं. चालायला लागलं की ते लांब जातं. अशा वयात माहीत नसलेली पानं, फळं बिनधास्त खाल्ली तर जिवावर बेतेल. म्हणून अनोळखी खाण्याविषयी सावध राहण्याची वृत्ती निसर्गानेच दिली असावी, असं शास्त्रज्ञ मानतात. कडू चवही लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त तीव्र जाणवते. आपल्याला जी मेथी किंचित कडवट लागते, ती त्या जिभेला चांगलीच कडू लागू शकते.

दुसरं कारण भुकेचं. बाळाचं जन्माच्या वेळचं वजन साधारण ३ किलो धरलं, तर पहिल्या वाढदिवसापर्यंत ते तिप्पट म्हणजे ९ किलोच्या आसपास जातं. पण दुसऱ्या वर्षात ते जेमतेम २ ते अडीच किलोनेच वाढतं आणि पुढे बरीच वर्षं वाढीचा वेग असाच संथ असतो. वाढ मंदावली की भूक कमी होणारच. आपण मात्र म्हणतो, "आधी कसं छान खायचं, आता काहीच खात नाही!" आणि वाटीभर भात संपवायला मागे लागतो.

तिसरं कारण स्पर्शाचं. काही मुलांना चवीपेक्षा पदार्थाचा पोत नकोसा वाटतो. भेंडीचा बुळबुळीतपणा, वांग्याची लिबलिबीत साल, मध्येच दाताखाली येणारी मोहरी. आपल्याला हे कारण क्षुल्लक वाटतं, पण त्या मुलाला खरोखर उमाळे येतात.

‘क’ पहिल्या दिवशी ओळखता येतो का?

पहिलीच्या मुलाला आपण ‘क’ एकदा दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला तो ओळखता आला नाही, तर ‘याला क आवडत नाही’ असं म्हणतो का? नाही म्हणत. आपण फळ्यावर दाखवतो, पाटीवर गिरवून घेतो, कार्डं देतो, वाळूत काढायला लावतो. पंधरा-वीस वेळा समोर आला की ‘क’ त्याचा होतो.

भाजीच्या बाबतीत आपण दोनदा वाढतो, दोनदा नाकारली की शिक्का मारतो, "याला दोडका चालत नाही." मग घरात दोडका त्याच्यापुरता बंद. म्हणजे शिकवणंच थांबलं!

अमेरिकेतल्या संशोधक लिॲन बर्च यांनी १९८०च्या दशकापासून लहान मुलांच्या खाण्यावर खूप काम केलं. नवीन पदार्थ पुन्हापुन्हा चाखायला मिळाला, की आवड वाढत जाते, हे त्यांनी दाखवलं. अशा अभ्यासांतून आता साधारण असं मानलं जातं, की एखादा पदार्थ स्वीकारायला मुलाला तो ८ ते १५ वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावा लागतो. चाखणं म्हणजे वाटीभर खाणं नव्हे, जिभेला लागणं.

लंडनमध्ये जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आपल्या शिक्षकांसाठी तर फारच महत्त्वाचा आहे. २ ते ६ वर्षांच्या मुलांच्या पालकांचे गट केले होते. एका गटाने मुलाला नावडती असलेली एक भाजी रोज थोडीशी चाखायला दिली, सलग १४ दिवस. दुसऱ्या गटाला फळं-भाज्या खाण्याविषयी माहिती आणि सल्ला दिला. तिसऱ्याला काहीच नाही. १४ दिवसांनी बघितलं, तर रोज चाखणाऱ्या मुलांची त्या भाजीची आवड इतरांपेक्षा जास्त वाढलेली होती. नुसत्या माहितीने तेवढा फरक पडला नव्हता.

म्हणजे ‘गाजरात अ जीवनसत्त्व असतं, डोळ्यांना चांगलं’ हे आपण फळ्यावर कितीही वेळा लिहिलं, तरी जिभेची ओळख त्याने होत नाही. ती फक्त चाखल्यानेच होते.

बळजबरी आणि बक्षीस, दोन्ही का उलटतात?

बर्च यांच्याच गटाचा २००६ चा एक प्रयोग आहे. बालवाडीतल्या मुलांना मक्याचं आणि भोपळ्याचं सूप दिलं. एका सूपच्या वेळी मोठी माणसं अधूनमधून ‘सूप संपव हं’ एवढंच म्हणायची. दुसऱ्या वेळी काहीच नाही. जिथे आग्रह नव्हता तिथे मुलांनी जास्त सूप प्यायलं, आणि जिथे आग्रह होता तिथे त्या सूपविषयी नकारार्थी बोलणं जास्त झालं. आग्रह केवढा, तर साधं एक वाक्य. आपण तर डोळे वटारतो.

बक्षिसाचंही तसंच. ‘हे प्यायलंस तर बक्षीस मिळेल’ असं सांगून मुलांना एक नवीन चवीचं पेय दिलं, तर नंतर ते पेय मुलांना आधीपेक्षा कमी आवडू लागलं, असं १९८४ च्या प्रयोगात दिसलं. कारण उघड आहे. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ यातून मुलाला कळतं, की चॉकलेट हे बक्षीस आणि भाजी ही शिक्षा. चांगली असती तर लाच कशाला दिली असती?

आणि मोबाईल? समोर व्हिडिओ लावला की तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो, वाटी रिकामी होते. आईला वाटतं, चला, पोट भरलं. पण मुलाने काय खाल्लं ते बघितलंच नाही, वास घेतला नाही, पोट कधी भरलं तेही त्याला कळलं नाही. शंभर वेळा भरवलं तरी भाजीशी ओळख झालीच नाही. शिवाय उद्या मोबाईल नाही, तर जेवण नाही!

कोणाचं काम कोणतं?

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात एक सोपा नियम सांगितला. जगभरातले आहारतज्ज्ञ तो वापरतात.

मोठ्यांचं काम :
• काय वाढायचं
• केव्हा वाढायचं
• कुठे बसून खायचं

मुलाचं काम :
• खायचं की नाही
• किती खायचं

आपल्या घरात नेमकं उलटं चालतं. ‘आज काय करू तुझ्यासाठी?’ हे आपण मुलाला विचारतो, म्हणजे आपलं काम त्याला देतो. आणि ‘अजून चार घास खायचेच’ हे आपण ठरवतो, म्हणजे त्याचं काम आपण घेतो.

इथे आजीचा हमखास प्रश्न येतो, "म्हणजे लेकरू उपाशी झोपू द्यायचं का?" नाही आजी. म्हणून एक पोटनियम लक्षात ठेवायचा : त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक नाही, पण ताटात एक तरी ओळखीचा पदार्थ नक्की. घरात दोडक्याची भाजी, पोळी, वरण, भात आहे. त्याने वरणभातच खाल्ला, तर खाऊ दे. पोट भरलं. दोडका ताटात होता, त्याने बघितला, वास घेतला. आजचा धडा झाला.

ताटाची डावी बाजू

आपल्या मराठी ताटात यासाठी जागा आधीपासूनच आहे. भात, पोळी, भाजी, आमटी जरा जास्त वाढतो. पण मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर हे डाव्या बाजूला, थोडंथोडंसं. डावीकडचं पोट भरण्यासाठी नसतं, चवीपुरतं असतं. हवं तर बोट लावायचं, नको तर राहू द्यायचं.

मी पालकांना सांगते, नवीन भाजी मुलाला डावीकडे वाढा. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ती खायलाच पाहिजे असा नियम नाही. ती फक्त तिथे असते. वाटीभर भाजी बघून मूल घाबरतं. दाण्याएवढ्या भाजीला कोण घाबरेल? आणि उरली तरी अन्न वाया गेल्याचं दुःख नाही.

ओळखीच्या सहा पायऱ्या

पोहायला शिकवताना आपण मुलाला थेट विहिरीत ढकलत नाही (पूर्वी ढकलायचे म्हणा!). तसंच हे. एका पायरीवर चार दिवस लागले तरी हरकत नाही.

१. बघणं – भाजी ताटात किंवा शेजारच्याच्या ताटात चालते, ‘काढ ती’ म्हणत नाही.
२. हाताळणं – बाजारातून आणलेली पिशवी रिकामी करणं, मटार सोलणं, मेथी निवडणं, कोथिंबीर तोडणं.
३. वास घेणं – कच्च्या भाजीचा, मग फोडणीतल्या भाजीचा.
४. जीभ लावणं – फक्त टोक. लगेच पाणी प्यायलं तरी चालेल.
५. चावून बघणं – नको वाटलं तर शेजारच्या वाटीत टाकायची पूर्ण मुभा.
६. गिळणं – एक छोटा घास. मग दोन.

पाचव्या पायरीवर मोठ्यांची चिडचिड होते. "थुंकतो काय अन्न?" पण तोंडातून बाहेर काढता येईल ही खात्री असते, म्हणूनच मूल ते तोंडात घालायला धजावतं. ही मुभा फार मोलाची आहे.

ओळखीच्या पदार्थावरून नव्या पदार्थाकडे

मूल जे आवडीने खातं, तिथूनच पूल बांधायचा. एका वेळी एकच बदल. काही उदाहरणं :

• साधं वरण → त्यात दुधी शिजवून घोटलेला → वरणात दुधीच्या फोडी दिसतात → मूगडाळ घातलेली दुधीची भाजी.
• भाजणीचं थालीपीठ → त्यात बारीक चिरलेली थोडी मेथी → मेथीचा पराठा → डाळ घालून मेथीची भाजी.
• लाल भोपळ्याचे घारगे → भोपळ्याचं दह्यातलं भरीत → भोपळ्याची भाजी.
• भाजलेले शेंगदाणे → उकडलेल्या शेंगा → मीठ-लिंबू लावलेली उकडलेली मटकी → उसळ.

पण मुलाला फसवायचं नाही. ‘यात काही नाही गं’ म्हणून पालक दडवून दिला आणि तिने तो शोधून काढला, तर ती उद्यापासून पराठाही उलगडून बघेल. विश्वास गेला की आवडीचा पदार्थही जातो. सरळ सांगावं, "आज थालीपीठात थोडी मेथी घातली आहे. बघ, हिरवे ठिपके दिसतात."

घरात आधी हे तपासा

१. मधलं खाणं. जेवायच्या आधी अर्धा तास चहा-बिस्कीट किंवा पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट झालं असेल, तर भाजी जिंकूच शकत नाही. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा. मध्ये फक्त पाणी.

२. दूध. ‘जेवला नाही तर दूध तरी घे’ असं करत दिवसाला लिटरभर दूध होतं. मग भूक राहत नाही. शिवाय दुधात लोह अगदी कमी. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरपर्यंत दूध पुरे.

३. आई कधी जेवते? हा प्रश्न मी पालकसभेत विचारते आणि सभा एकदम शांत होते. अनेक घरांत आई सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी, एकटी जेवते. म्हणजे आई भाजी खाताना मुलाला कधी दिसतच नाही! आणि बाबा ताटातली कारल्याची भाजी बाजूला सारताना मात्र रोज दिसतात. दिवसातलं एक तरी जेवण सगळ्यांनी एकत्र, एकच भाजी वाढून घेऊन करावं. यासारखा दुसरा उपाय नाही.

४. शिक्के. ‘आमचा भाजी खातच नाही’ हे पाहुण्यांसमोर सांगू नका. मूल ते ऐकतं आणि तीच त्याची ओळख होऊन बसते.

ज्यांच्या घरात अगदी लहान बाळ आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. चवीची ओळख जन्माआधीपासूनच सुरू होते. ज्युली मेनेला यांच्या २००१ च्या अभ्यासात, ज्या आयांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना नियमित गाजराचा रस प्यायला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेलं खाणं जास्त सहज स्वीकारलं. बाळंतिणीला शेपू, मेथी, लसूण खाऊ घालण्याची आपली रीत दूध वाढावं म्हणून आहे, पण त्यातून बाळालाही चवींची तोंडओळख होते. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करताना नुसतं गोड-गोड न देता घरातल्या निरनिराळ्या भाज्याही मऊ करून द्याव्यात.

बोलताना काय बदलायचं?

• ‘खाऊन बघ, छान आहे’ ऐवजी – "आज पडवळ आहे. काकडीसारखं लागतं का, ते मी बघते."
• ‘एकच घास, माझ्यासाठी’ ऐवजी – काही न बोलता आपण आपलं खाणं.
• ‘बघ, ताईने सगळं संपवलं’ ऐवजी – "तुझं पोट भरलं का?"
• ‘शाब्बास, भाजी खाल्लीस!’ ऐवजी – "कशी लागली? करकरीत की मऊ?"
• ‘नको तर नको, उपाशी बस’ ऐवजी – "ठीक आहे. ताटात राहू दे. पुढचं खाणं चार वाजता."

वर्गात काय करता येईल?

आपल्याकडे एक मोठी ताकद आहे, ती म्हणजे पंगत. घरी एकटं मूल जे खात नाही, ते मित्रांच्या रांगेत बसून चाखतं. शालेय पोषण आहारात, म्हणजे आताच्या पीएम पोषण योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. ते मुलाच्या पोटात जावं, ही आपलीही इच्छा असते. काही उपक्रम सुचवते :

चवीचे शब्द : एक भाजी किंवा फळ वर्गात आणायचं. मुलांनी बघून, हात लावून, वास घेऊन शब्द सांगायचे : तुरट, आंबूस, कडवट, करकरीत, खरखरीत, बुळबुळीत, रसरशीत. ‘आवडलं-नावडलं’ हे दोन शब्द त्या तासाला बंद! भाषेचा तासही होतो आणि ‘शी!’ म्हणण्याऐवजी मूल ‘जरा तुरट आहे’ म्हणायला शिकतं.

मोड आणणे : मटकी रात्रभर भिजवायची, सकाळी ओल्या फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड बघायचे, पट्टीने मोजायचे. परिसर अभ्यास झाला, गणित झालं.

परसबाग : मेथी महिन्याभरात काढायला येते. स्वतः पाणी घातलेल्या मेथीला मूल परकं मानत नाही.

चव तक्ता : महिन्याला एक भाजी. चाखली की मुलाने तक्त्यावर टिकली लावायची. टिकली चाखण्याची, संपवण्याची नाही. थुंकून टाकली तरी टिकली. आणि मुलांच्या नावाने तक्ता लावू नका, सगळ्या वर्गाचा मिळून एकच ठेवा. नाहीतर ती पुन्हा स्पर्धा होते.

शिक्षकांनी सोबत जेवणं : चव बघून नोंदवहीत सही करणं हे आपलं काम आहेच. पण मुलांच्या रांगेत बसून, त्यांच्यासमोर चार घास खाणं, याचा परिणाम सहीपेक्षा मोठा आहे.

वाढणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा : "आधी थोडं वाढा, हवं तर पुन्हा द्या. नको म्हणाला तर अर्धा चमचा डावीकडे."

घरी करून बघण्यासाठी १४ दिवस

• एकच भाजी निवडा. मुलाला अगदीच नकोशी नव्हे, ‘नाही खात’ या यादीतली.
• दिवसातली एक ठरावीक वेळ. जेवणाबाहेर, चार वाजताही चालेल.
• दाण्याएवढा तुकडा, रोज एकाच पद्धतीने केलेला.
• एकदाच विचारा, "चाखतोस?" नाही म्हणाला तर विषय संपला. उद्या पुन्हा.
• आपणही तोच तुकडा त्याच्यासमोर खा.
• कॅलेंडरवर खूण करा. १४ दिवसांनी थोडा फरक दिसला तर पुढे चालू ठेवा. नाही दिसला, तर महिन्याभराने पुन्हा.

एक सावधगिरी : चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे जाड तुकडे देऊ नका, घशात अडकतात. कूट करा, उभे चिरा, किसा. आणि खाताना मूल बसलेलं असू द्या, पळतं नको.

केव्हा डॉक्टरांकडे जायचं?

बहुतेक मुलं हळूहळू मार्गी लागतात. पण पुढीलपैकी काही दिसलं, तर ‘नखरे आहेत’ म्हणून सोडून देऊ नका :

• वजन वाढत नाही किंवा कमी होतं आहे.
• खाण्याच्या पदार्थांची यादी दिवसेंदिवस लहान होते आहे. आधी खायचा तेही सोडलं.
• गिळताना ठसका, वारंवार उलटी, चावायला त्रास.
• एकाच पोताचे, एकाच रंगाचे पदार्थ, आणि त्यात जरा बदल झाला तरी मोठा आकांत. सोबत बोलण्यात-मिसळण्यात अडचण असेल तर नक्की दाखवा.
• माती, खडू, पेन्सिल खाणं, चेहरा फिकट, लवकर दमणं. रक्तात लोह कमी असू शकतं.

खाण्याच्या अशा तीव्र अडचणीला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आजार म्हणून २०१३ पासून नाव आहे. त्यात आईचा दोष नसतो आणि मुलाचाही नसतो. बालरोगतज्ज्ञांना आधी दाखवावं. ते पुढचा मार्ग सांगतात.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

मी त्याच्या घरी गेले. आईसमोर त्याला म्हणाले, "माझं चुकलं. आता तुला कुणी जबरदस्ती करणार नाही. तुला हवं तेवढंच वाढायचं, आणि ते तू सांगायचंस." तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी शाळेत आला. रांगेत अगदी शेवटी बसला. भात घेतला, उसळ नाही. मी बघितलंच नाही असं केलं.

पुढच्या आठवड्यात वर्गात मटकीला मोड आणले. फडकं बांधायचं काम त्याच्याकडे दिलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने ते उघडून बघितलं होतं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा उसळ व्हायची, तेव्हा मावशी त्याच्या ताटात डावीकडे चार दाणे ठेवायच्या. बरेच दिवस ते चार दाणे तसेच परत जायचे. साधारण दीड महिन्याने एकदा ताट धुवायला नेताना मी बघितलं, दाणे तीन होते. मी काही बोलले नाही. फार कठीण गेलं, पण बोलले नाही.

वर्ष संपेपर्यंत तो उसळ आवडीने खायला लागला असं नाही. पण भातावर चमचाभर घ्यायचा आणि संपवायचा. मला जास्त आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला. एप्रिलमध्ये तो रांगेच्या मध्यभागी, मित्रांच्या गर्दीत बसून जेवत होता.

मुलाने भाजी खाल्लीच पाहिजे, ही आपली घाई असते. त्याला घाई नसते, त्याला ओळख हवी असते. रोज दाण्याएवढी ओळख करून देणं आपल्या हातात आहे. आज संध्याकाळच्या ताटात डावीकडे काय ठेवायचं, तेवढं ठरवूया.